बर्फाची पेटी आणि होडीचं नाक

मस्कतहून आल्यापासून गावातल्या बायका दोनच गोष्टी विचारतात. तिथे सोनं कसं आहे आणि उन्हाळा कसा आहे. सोन्याच्या दुकानात मी गेले नाही. उन्हाळा आपल्यासारखाच आहे, फक्त तिथे तो घराबाहेर ठेवतात. बाकी जे काही बघितलं ते एका होडीच्या मागे-पुढे बघितलं, म्हणून लिहिते तेही होडीचंच. ज्यांना राजवाडे आणि मशिदी वाचायच्या असतील त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. मी चौथीपर्यंत शिकले. खोटं सजवून लिहायला जास्त शिकावं लागतं.

अल् घुब्रा

माझी मुलगी सुषमा मस्कतच्या अल् घुब्रा भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. ती तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवते. जावई मिलिंद एका कंपनीच्या ऑफिसात आहे. नात रिया आठवीत आहे, तिचं मराठी पाव्हण्यांसारखं येतं, थोडं बसतं आणि जातं. शिमगा आटोपून मी महिनाभरासाठी गेले.

विमानतळावरून येताना मी गाडीतून बघत होते. रस्त्यावर गाय नाही, कुत्रा नाही, चालणारं माणूस नाही. मी विचारलं, "आज हंय कोण मेलाहा काय?"

"आये, हंय रोज असाच असता," सुषमा म्हणाली.

इमारतीखाली गाड्या लावायची जागा आहे. तिथे दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर, ताडपत्री पांघरून, एक पांढरी होडी उभी होती. समुद्र तिथून दिसतही नव्हता.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"आपली," मिलिंद म्हणाला आणि सुषमाकडे बघितलं. पाटी फोडलेलं पोर बाईंकडे बघतं तसं.

आता जावयाबद्दल सांगायला हवं. मिलिंद पुण्याचा. त्याच्या माणसांना पाणी माहीत आहे ते धरणातलं, आणि तेही लांबून. पण माणूस गुणी आहे. दारू नाही, विडी नाही, तोंडात शिवी नाही, आणि तोंडात 'नाही'ही नाही. कुणी काही म्हटलं की "हो" म्हणतो. त्याच्या स्वयंपाकघरात पाणी गाळायची तीन यंत्रं आहेत, कारण तीन माणसं विकायला आली होती. खालच्या मजल्यावर फिनलंड नावाच्या देशातला एक गोरा राहायचा. तो मस्कत कायमचं सोडून निघाला तेव्हा लिफ्टमध्ये मिलिंदला म्हणाला, माझी बोट तू घे. लिफ्ट वर पोचायच्या आत मिलिंदने घेतली होती.

कागद, परवाने त्याने सगळे नीट काढले. पण वर्ष होत आलं तरी होडीला पाणी लागलं नव्हतं. रियाने बादलीने धुतली तेवढंच.

मी पोचले त्याच संध्याकाळी सुषमाने सगळ्यांसमोर निकाल सांगितला. शाळेत सांगते तसाच, उभ्याने. "या शुक्रवारी बोट पाण्यात गेली पाहिजे आणि तिच्यातून धरलेला एक मासा माझ्या ओट्यावर आला पाहिजे. नाहीतर शनिवारी सकाळी कुलकर्णी बघायला येतायत. त्यांना द्यायची."

कुलकर्णी म्हणजे वरच्या मजल्यावरचे, मिलिंदच्या ऑफिसातले मोठे साहेब. ते घ्यायला तयारच बसले होते. मिलिंद काय म्हणाला? "हो," म्हणाला.

मला वाटलं, याला होडीचं काही नाही. मग दुसऱ्या दिवशी खाली फेऱ्या मारताना बघितलं. ऑफिसातून आला, गाडी लावली, आणि वर यायच्या ऐवजी ताडपत्री बाजूला सारून होडीत जाऊन बसला. सिमेंटच्या जमिनीवर, खांबांच्या मधे, हातावर हात ठेवून. फोनसुद्धा काढला नाही. पाव एक तास बसला आणि वर येऊन "चहा झाला का?" म्हणाला. सुषमा म्हणाली, तो रोज बसतो. या माणसाला कुणी काही विकत नाही, काही मागत नाही अशी ती एवढीच जागा असावी. तीही कुणी मागितली असती तर बिचाऱ्याने "हो" म्हणून दिली असती आणि मग खांबाला टेकून उभा राहिला असता.

पेटी

होडीबरोबर त्या गोऱ्याने एक लांब लाकडी पेटी दिली होती. "मासेमारीचं सगळं सामान आहे," मिलिंद मोठ्या भक्तीने म्हणाला. आम्ही दोघांनी धरून ती बाल्कनीत आणली. म्हणजे त्याने धरली, मी शिव्या दिल्या. मढं बरं इतकी जड.

पेटीत काय होतं? हातभर लांबीच्या काठ्या, चरखी लावलेल्या. एवढी काठी घेऊन आमच्याकडे पोरं कैऱ्यासुद्धा पाडत नाहीत. लहान लहान निशाणं, त्यांना घुंगरासारखी घंटा. घडीचा जाड तंबू. दोन बुटकी स्टुलं. आणि तळाला एक भलंमोठं लोखंडी गिरमिट, पीळ मारलेलं, वर इंजिन बसवलेलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

मिलिंदने फोनवर शोधलं. बराच वेळ शोधलं. मग हळूच म्हणाला, "आई, हे बर्फाला भोक पाडायचं आहे. त्यांच्याकडे तळी गोठतात. बर्फाला भोक पाडतात, वर तंबू ठोकतात, आणि भोकात गळ सोडून बसतात."

"आणि हे तुम्ही मस्कतला घेतलंत."

"सोबत आलं, आई."

बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. कावळे सावली बघून उडत होते. मी म्हटलं, "चांगलं केलंत. बर्फ पडला तर धावाधाव नको."

सुषमा आतून हसली. मिलिंदही हसला, कारण हसू नको असं त्याला म्हणता येत नाही.

मग दोन संध्याकाळी त्या चरख्या दुरुस्त करण्यात गेल्या. दोरी चरखीवर थांबतच नव्हती. वजन बांधून बाल्कनीतून खाली सोडलं की चरखी भुर्रकन फिरायची आणि वजन खालच्या गाडीच्या टपावर जाऊन आदळायचं. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा गाडीचा मालक वर आला. मिलिंदने त्याला चहा दिला. दोष असा निघाला, की बर्फात घट्ट होऊ नये म्हणून त्या गोऱ्यांनी आत पातळ वंगण घातलेलं. मस्कतच्या उन्हात त्याचं पाणी झालं. पितळी चकत्या तेलात भिजून बसल्या होत्या, त्या काय दोरी धरणार? मिलिंदने सगळं उकललं, रॉकेल नाही म्हणून सुषमाच्या भांड्यांच्या साबणाने धुतलं, सुकवलं, नवीन जाड वंगण बोटाच्या टोकाने लावलं. चरख्या सुधारल्या. एक सोडून. तिचा एक स्क्रू ओट्यावरून पोह्यांत गेला आणि पोहे रियाने खाल्ले. स्क्रू खाल्ला नाही, आधीच सांगते. पण चरखी कामातून गेली.

मला मात्र ते गिरमिट आवडलं होतं. आमच्याकडे सुपारीची रोपं लावायची होती. मातीत असं गिरमिट फिरवलं तर खड्डे किती पटापट होतील, कुदळ मारायला माणूस मिळत नाही. मी म्हटलं, "मिलिंदराव, तुम्हाला याचा काय उपयोग? मी जाताना हे नेते."

"हो आई, न्या की," तो म्हणाला.

बघा, मलाही.

वादी कबीर

होडीचा गाडा मोटारीला जोडायचा तर मोटारीच्या मागे हुक लागतो. तो बसवायला वादी कबीरला गेलो. तिथे गाड्या दुरुस्तीची दुकानं रांगेने आहेत. मेस्त्री पेशावरचा होता. त्याने हुक बसवला, गाड्याच्या चाकांत वंगण भरलं, मग म्हणाला, पीछे एक्स्ट्रा लाइट भी लगा दूँ? मिलिंद म्हणाला, हो. आरसे? हो. मी मधे पडले नसते तर त्याने होडीला छप्पर घातलं असतं.

"खलास," मी मेस्त्रीला म्हटलं. हा शब्द मला तिथे पहिल्या दिवशीच आला. सगळ्यात उपयोगाचा तोच आहे.

परत येताना चहा घेतला. तिकडची चहाची पद्धत सांगते. हॉटेलसमोर गाडी उभी करायची आणि आत बसूनच भोंगा वाजवायचा. माणूस धावत येतो, कागदी पेल्यात वेलचीचा दाट चहा खिडकीतून देतो. कुणी खाली उतरत नाही. आमच्याकडे असा भोंगा वाजवला तर हॉटेलवाला चहा आणेल, पण डोक्यावर ओतायला.

घरी आल्यावर मिलिंदने पार्किंगमध्ये न्हाणीघरातला वजनाचा काटा आणला. सुषमा रोज सकाळी ज्यावर उभी राहून सुस्कारा टाकते तो. त्यावर फळी ठेवली आणि फळीवर गाड्याचा पुढचा दांडा टेकवला, जो मोटारीच्या हुकात अडकतो.

"हे काय करता?"

"आई, ओढताना होडीचं वजन चाकांवर असतं, पण थोडं पुढे हुकावर यावं लागतं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा धरा. कमी झालं, मागे जड झालं, तर वेगात गाडा शेपटीसारखा हलतो. मग मोटारही सावरत नाही."

"थोडं म्हणजे किती?"

त्याने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "साधारण तुमच्याएवढं."

"मग मी जाऊन बसू नाकावर?"

"नाही नाही, ही पेटी ठेवतो ना," तो घाईने म्हणाला. हे "नाही नाही" मी धरत नाही, ते घाबरून आलं होतं.

त्याने गोऱ्याची पेटी होडीच्या पुढच्या टोकात सरकवली, काट्यावर बघितलं, वीतभर मागे घेतली, परत बघितलं, दोरीने बांधली. मी तो दांडा उचलून बघितला. हलला नाही. सुषमा वरून म्हणाली, "माझ्या वजनाची एवढी काळजी केली असती तर मी एव्हाना बारीक झाले असते."

शुक्रवार

तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. पहाटे उठून मी नारळ, हळदकुंकू आणि उदबत्ती घेऊन खाली गेले. वर्षभर घरात असलेल्या होडीची कुणी पूजा केलेली नव्हती. पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? आमच्या घरात होडी होती. माझा नवरा ती चालवायचा आणि मी तिच्यातले मासे विकायचे. होडीचं पुढचं टोक, त्याला आम्ही नाळ म्हणतो, तिथे देव. नाळेला नारळ फोडायचा. नाळेवर पाय द्यायचा नाही, चप्पल ठेवायची नाही, ओझं ठेवायचं नाही.

आणि नाळेवर बघते तर गोऱ्याची पेटी.

"मिलिंदराव, ही काढा इथून."

तो पाण्याचे कॅन घेऊन आला होता. तसाच उभा राहिला. "इथून?"

"मग काय, माझ्या डोक्यावरून? नाळेवर ओझं नसतं. मागे ठेवा."

"हो, आई," तो म्हणाला.

पेटी मागे गेली, इंजिनाशेजारी. तिच्यामागोमाग नांगर मागे गेला, पाण्याचे कॅन मागे गेले, माझी जेवणाची पिशवी आणि बर्फ भरलेला मोठा डबा मागे गेला. नाळ मोकळी झाली. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. सुषमाने विचारलं, "मिलिंद, सगळं ठीक ना?"

"हो हो," तो म्हणाला आणि मोटारीत जाऊन बसला.

कुरियात म्हणून गाव आहे, मासेवाल्यांचं, तिथे निघालो. अमरातवरून डोंगरातून रस्ता जातो. डोंगर म्हणजे नुसता दगड, तपकिरी, करडा, गवताची काडी नाही. आपल्याकडे डोंगर कपडे घालून असतात, हे उघडे बसलेत आणि लाजतही नाहीत. मधेच चार शेळ्या दिसल्या. त्या काय खातात ते मी बघितलं नाही, त्यांनाही सापडलं नसावं. रस्ता मात्र असा, की पोटातलं पाणी हलू नये.

चढ संपून उतार लागला. मिलिंदचे दोन्ही हात चाकावर, बोटं पांढरी. मला वाटलं नवखा आहे म्हणून.

रिया मागे वळून बघत होती. ती म्हणाली, "आजी, बोट शेपटी हलवतेय."

मी म्हटलं, "खूश असेल."

मग मोटारीचं बूड डावीकडे ओढलं गेलं. मग उजवीकडे. मग परत डावीकडे, जास्त. आरशात पांढरी होडी एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या बाजूला. मागून येणाऱ्या ट्रकने भोंगा दाबून धरला. सुषमाने रियाला पोटाशी घेतलं आणि ओरडली, "ब्रेक मारा!"

मिलिंदने ब्रेक मारला नाही. पाय उचलला, चाक सरळ धरून ठेवलं आणि गाडीला आपसूक हळू होऊ दिलं. ट्रक शेजारून गेला. गाडी हलत, डुलत, कशीबशी कडेच्या खडीवर येऊन थांबली. माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा होता, तो सगळा माझ्या पदरात होता.

"काय झालं?" सुषमाने विचारलं.

"वारा असेल," मिलिंद म्हणाला.

बाहेर उतरलो तर वाऱ्याचा पत्ता नव्हता. उदबत्तीचा धूर सरळ वर जाईल अशी हवा.

एक पिकअप थांबली. पांढरा झगा, भरतकामाची टोपी घातलेला एक ओमानी म्हातारा उतरला. त्यांना आपल्यासारखं चोंबडेपण नसतं, पण मदत केल्याशिवाय जात नाहीत. हिंदी आपल्या हिंदीपेक्षा बरी. म्हणाला, "टायर में हवा ज़्यादा है. हवा निकालो, सब ठीक, इन्शाल्ला." त्याने आधी थर्मासमधून आम्हाला वेलची घातलेली कडू कॉफी दिली, बोटभर कपात, आणि खजूर दिले. खजूर लोण्यासारखे. जीव जाता जाता राहिला की गोड जास्त लागतं असं म्हणतात, पण मला वाटतं खजूरच चांगले होते.

मिलिंद म्हणाला, "हो, हवा काढू," आणि चाकाशी खाली बसला.

मी त्याच्याकडे बघत होते. तो चाकाकडे बघत नव्हता. होडीच्या मागच्या बाजूकडे बघत होता, पेटीकडे.

"मिलिंदराव," मी म्हटलं, "हवा जास्त आहे?"

"हे म्हणतायत ना."

"ते काय म्हणतायत ते मी ऐकलं. तुमचं काय म्हणणं आहे?"

तो उठला. रुमालाने मान पुसली. "आई, पेटी पुढे हवी होती."

"हे तुम्हाला सकाळी माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही पूजा करत होतात."

सुषमा माझ्यावर उखडली. "आये, तू कित्याक मधे पडतंस? माणूस काल सांजभर काट्यावर वजन करी होतो!"

"मी मधे पडलंय, पण ह्येका तोंड नाय?"

"तू गप ऱ्हव."

"मी गप ऱ्हवलंय तर बोलतलो कोण? तुझो घोव?"

म्हातारा ओमानी कॉफी पीत आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होता. भाषा कळत नसेल, पण सासू कुठेही ओळखू येते.

मिलिंदने चाकांना मोठे दगड लावले आणि गाड्याचा दांडा हुकातून सोडवला. सोडवला मात्र, दांडा आपोआप वर उठला, म्हशीने मान वर करावी तसा. "दाबून बघा," तो मला म्हणाला. मी एका हाताने दाबला, सोडला, परत वर. काल जो माझ्या दोन्ही हातांनी हलला नव्हता तो. हे मला चौथीपर्यंतच्या शिक्षणातही कळलं.

तरी मी म्हटलं, "पेटी मधे ठेवा. नाळेवर नाही. नाळेवर ओझं नसतं."

"नाही, आई," मिलिंद म्हणाला. "नाळेवरच."

आवाज चढला नाही, मान खाली गेली नाही. सुषमा त्याच्याकडे बघतच राहिली. सोळा वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या तोंडून नवीन शब्द ऐकायला मिळणं सोपं नाही.

"आणि देवाचं काय?" मी म्हटलं.

"देवाला मी सांभाळतो. मागे रिया बसलीये."

मी तिथे उन्हात उभी राहून विचार केला. नाळेवर ओझं नाही, हे मला माझ्या सासूने सांगितलं होतं. का, तर पुढून हलकी असली की होडी लाटेवर चढते, जड असली की लाटेत तोंड खुपसते. खरंच आहे. पण माझ्या सासूने होडी कधी डांबरी उतारावरून मोटारीमागे ओढत नेली होती? पाण्यात नाक हलकं लागतं, रस्त्यावर जड लागतं. देव दोन्हीकडे तोच असेल, पण लाट तर वेगळी आहे ना.

"चपला काढून चढा," मी म्हटलं. "आणि पेटीखाली चादर घाला."

"हे चालेल," तो म्हणाला आणि चपला काढल्या. पेटी पुढे, नांगर पुढे, पाण्याचे दोन कॅन पुढे. हळदकुंकू तेवढं उघडं ठेवलं. दांडा खाली बसला, माझ्या दोन्ही हातांना हलेना. म्हाताऱ्याने "यल्ला", म्हणजे चला, म्हणून टाळी वाजवली आणि उरलेले खजूर रियाला दिले. टायरची हवा जिथल्या तिथे राहिली. कुरियातपर्यंत होडी मागे गुमान आली.

कुरियात

बंदरात होडी पाण्यात उतरवायला सिमेंटचा उतार आहे. मोटार उलटी घेत गाडा पाण्यात न्यायचा. उलटी घेताना चाक डावीकडे वळवलं की गाडा उजवीकडे जातो. मिलिंदचा गाडा आधी भिंतीकडे गेला, मग एका जाळ्यांच्या ढिगाकडे. बंदरावरचे सगळे लोक मदतीला आले आणि प्रत्येकजण वेगळीकडे हात दाखवू लागला. मला वाटलं, संपलं, हा सगळ्यांना "हो" म्हणणार आणि होडी बाजारात जाऊन उभी राहणार. पण त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "ला, ला." म्हणजे त्यांच्या भाषेत नाही. आज माणसाला चटकच लागली होती. एकट्याने, वेळ लावून, वाकडातिकडा का होईना, त्याने गाडा पाण्यात नेला. होडी तरंगली. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आता पेटी मागे घ्या." त्याने घेतली.

किनारा दिसेल एवढ्यावरच गेलो. डबा उघडून घावणे आणि चटणी खाल्ली, चिवडा गेलाच होता. पाणी इतकं निवळ, की तळाची वाळू दिसत होती. आमच्या गावच्या पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत, पण मासे मिळतात. इथे सगळं दिसत होतं, मासे सोडून.

मिलिंद आणि रियाने बर्फातल्या त्या हातभर काठ्या सोडल्या. मी म्हटलं, काठ्या खेळा, मी दाखवते, आणि नुसती दोरी बोटाला गुंडाळून गळ सोडला, आम्ही घरी सोडतो तसा. बराच वेळ गेला. मिलिंदच्या काठीची चरखी मधेच सुटली, तो स्क्रू आवळत बसला. सुषमाला मळमळायला लागलं. ती डोळे मिटून कडेला बसली होती, आणि तिच्या हातात, काहीतरी धरायला हवं म्हणून, रियाने निशाणाची घंटा बांधलेली एक काठी दिली होती.

घंटा वाजली.

"तुमची वाजली," सुषमा डोळे न उघडता म्हणाली.

"मम्मा, तुझीच!"

सुषमाने डोळे उघडले. काठी वाकली होती, कमानीसारखी. मिलिंद हात पुढे करून म्हणाला, "दे, मी ओढतो."

"हात लावू नका!" सुषमा ओरडली. मळमळ कुठे गेली कुणास ठाऊक. ती उभी राहिली, पाय फाकून, आणि चरखी फिरवायला लागली. माझ्या पोटची आहे ते तेव्हा दिसलं. चरखी धरली, घसरली नाही, नवीन वंगण कामाला आलं. वर आला तो एक चांगला वीतभराहून मोठा मासा, तिकडे शेरी म्हणतात तो, रुपेरी, तोंडाळ. माझ्या दोरीला शेवटपर्यंत काही लागलं नाही. फुशारकी मारली की असं होतं, हे मी दुसऱ्यांना नेहमी सांगते.

रात्री ओट्यावर मासा सुषमानेच साफ केला. मी फक्त म्हटलं, "तिरफळ घातलंस काय?" तर म्हणाली, "मी धरलाहा, मी करतंय."

शनिवार

सकाळी कुलकर्णी साहेब आले. चहा घेतला, पोहे खाल्ले, मग हात चोळत म्हणाले, "चला मिलिंद, बोट बघू. पुढच्या शुक्रवारी न्यायला माणसं सांगून ठेवलीयेत."

मी सुषमाकडे बघितलं. तिचा निकाल तिने स्वतःच्या हाताने वर ओढला होता, आता ती कशी बोलणार? ती कपबशा गोळा करत राहिली. सगळं मिलिंदवर आलं. समोर साहेब, सोमवारी नाही, उद्याच ऑफिसात परत तोच साहेब. तिकडे रविवारी कामावर जातात.

"नाही, सर," मिलिंद म्हणाला. "बोट द्यायची नाही."

"अरे, पण तू तर हो म्हणाला होतास!"

"हो. चूक झाली. पोहे घ्या ना अजून."

साहेबांनी पोहे घेतले नाहीत. जाताना दार जरा जोरात लागलं. सुषमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुढच्या वेळी कुठे जायचं?" आणि नळ सोडला, म्हणजे उत्तर ऐकू येऊ नये. तिला हरलेलं चालत नाही, ते आजोबांवर गेलंय.

निरोप

पुढचे आठवडे मी अल हैलचा किनारा बघितला, मासळीबाजार बघितला, खूप फिरले. ते सगळं लिहीत नाही. मासळीबाजारात मासे कापायला वेगळी माणसं असतात आणि बाया विकायला बसत नाहीत, त्यामुळे तिथे भांडण नाही आणि मजाही नाही, एवढं पुरे.

जायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरली. खजूर भरले, हलवा भरला, आणि खाली होडीकडे गेले. मिलिंद तिथेच बसला होता, त्याच्या पाव तासाला. पेटी नाळेवर बांधलेली, खाली घडी घातलेली चादर, पुढे वाळलेलं हळदकुंकू.

"मिलिंदराव, पेटी उघडा. गिरमिट घेते. सुपारीचे खड्डे राहिलेत."

त्याने पेटीकडे बघितलं. न्हाणीघरातला काटा शेजारी ठेवलेला होता.

"नाही, आई."

"काय नाही? तुम्ही 'न्या की' म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. पण पेटीत सगळ्यात जड तेच आहे. ते काढलं तर नाक हलकं होतं. शुक्रवारी सूर बंदराला जायचंय, लांबचा रस्ता आहे."

मी म्हटलं, "दुसरं काही ठेवा की. दगड ठेवा."

"देवाच्या जागेवर दगड नको," तो म्हणाला.

बर्फाला भोकं पाडायचं ते गिरमिट आता ओमानच्या डोंगरांतून होडीच्या नाकावर बसून फिरतं. सुपारीचे खड्डे मी परत आल्यावर कुदळीनेच काढले. चार झाले, बाकीचे पाठीने नाही म्हटलं म्हणून राहिलेत. त्या माणसाला 'नाही' म्हणायला मीच रस्त्यात उभं करून शिकवलं, आणि त्याने तो शब्द पहिल्यांदा माझ्यावर वापरला, मग साहेबावर, मग परत माझ्यावर. दोनास एक. जावयाला काही शिकवू नये ते खरं.